दोन देशांची अर्थव्यवस्था, नोकऱ्या आणि कौशल्यं: तुलना नेमकी करायची कशी

पुण्यात सध्या जर्मनचे क्लास भरभरून चाललेत, जपानीचेही, आणि त्यात नुसते इंजिनिअर नाहीत, नर्सिंग केलेल्या मुली आहेत, आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झालेली पोरं आहेत, चाकणला लाइनवर आठ-दहा वर्षं काढलेली माणसं आहेत. सगळ्यांचा प्रश्न एकच, कुठला देश बरा? आणि उत्तर येतं ते रील्समधून, एक म्हणतो आपण जपानला मागे टाकलं, दुसरा म्हणतो जर्मनी संपली, तिसरा म्हणतो तिकडे माणसंच मिळत नाहीत. प्रत्येकाकडे एक-एक आकडा असतो आणि गंमत म्हणजे तो बऱ्याचदा खराही असतो, फक्त तो तुमच्या प्रश्नाचा आकडा नसतो. या आकड्यांवर लोक क्लासची फी भरतात, कर्ज काढतात, हातातली नोकरी सोडतात, म्हणून मला हा विषय फार महत्त्वाचा वाटतो आणि मी जो क्रम मुलांना सांगते तो इथे नीट लिहून काढते. कॉलेजचा प्रोजेक्ट असो, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास असो की स्वतःचा निर्णय, क्रम हाच.

१. आधी प्रश्न एका ओळीत लिहा

"भारत विरुद्ध जर्मनी" हा प्रश्न नाही. "माझा मेकॅनिकल डिप्लोमा आहे, सीएनसीवर सहा वर्षं काम केलंय, पुढच्या पाच वर्षांत माझ्या कामाला पुण्यात जास्त मागणी राहील की जर्मनीत", हा प्रश्न. साधारण तीन प्रकारचे प्रश्न असतात: देशाची एकूण ताकद किती, तिथला सामान्य माणूस कसा राहतो, आणि माझ्या कामाचं तिथे काय. तिन्हीला आकडे वेगळे लागतात. बहुतेक गोंधळ हा पहिल्या प्रश्नाचा आकडा उचलून तिसऱ्याचं उत्तर द्यायला गेल्यामुळे होतो.

२. एक शीट उघडा

एक्सेल किंवा गूगल शीट, काहीही चालेल. प्रत्येक आकड्यापुढे वर्ष, कोणी मोजला, व्याख्या काय, वयोगट कोणता आणि लिंक, एवढे रकाने हवेतच. देश तीनच्या वर घेऊ नका, आणि त्यातला एक आपल्या जवळपासच्या पातळीवरचा घ्या, उदाहरणार्थ व्हिएतनाम, नाहीतर श्रीमंत देशाशी तुलना करून फक्त निराशाच हाती लागते, शिकायला काही मिळत नाही.

वर्षाचा घोळ लक्षात ठेवा. आपला जीडीपी एप्रिल ते मार्च, बाकी बऱ्याच देशांचा जानेवारी ते डिसेंबर. आपल्या रोजगाराच्या सरकारी पाहणीचं, म्हणजे पीएलएफएसचं, वर्ष तर २०२४ पर्यंत जुलै ते जून होतं, २०२५ पासून ते कॅलेंडर वर्षावर आलं. सगळ्यांसाठी एकाच ठिकाणचा डेटा हवा असेल तर जीडीपीला वर्ल्ड बँक आणि रोजगाराला आयएलओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची, आयएलओस्टॅट साइट, दोन्ही फुकट आहेत.

३. जीडीपी: तीन वेगवेगळे आकडे

२०२३ मध्ये भारताचा जीडीपी साधारण ३.६ लाख कोटी डॉलर होता आणि जर्मनीचा साधारण ४.५ लाख कोटी. जवळजवळ आलोय असं वाटतं. पण जर्मनीत माणसं साडेआठ कोटीही नाहीत, आपण १४० कोटींच्या वर. दरडोई काढलं की आपण २,५०० डॉलरच्या आसपास, जर्मनी ५४,००० च्या आसपास, म्हणजे एकवीस पटींचा फरक. व्हिएतनाम ४,३०० च्या आसपास.

मग तिसरा आकडा, पीपीपी, म्हणजे तेवढ्या पैशात तिथे प्रत्यक्षात काय-काय येतं ते. बाजारात २०१७ साली एक डॉलर ६५ रुपयांना होता, पण जागतिक किंमत तुलनेत त्याच वर्षी असं निघालं की अमेरिकेत एका डॉलरमध्ये जे येतं ते भारतात २०.६५ रुपयांत येतं. केस कापणं, घरभाडं, रिक्षा, डबा, या गोष्टी आपल्याकडे स्वस्त आहेत म्हणून. पीपीपीने भारताचं दरडोई उत्पन्न १०,००० च्या घरात जातं, जर्मनीचं ७०,००० च्या, आणि एकवीस पटींचा फरक सात पटींवर येतो. सातपट फरकही काही छोटा नाही, पण निर्णय घेताना एकवीस आणि सात यात खूप अंतर आहे.

कुठे काय वापरायचं? देश जगाकडून तेल, चिप्स, शस्त्रं किती विकत घेऊ शकतो हे बघायचं तर बाजारभावाचा जीडीपी. माणसाचं राहणीमान बघायचं तर दरडोई पीपीपी. वाढीचा दर बघायचा तर महागाई वजा केलेला, आणि एका वर्षाचा कधीच नाही. २०२०-२१ मध्ये आपली अर्थव्यवस्था आकसली आणि पुढच्याच वर्षी ९ टक्क्यांहून जास्त वाढ दिसली, ती खड्ड्यातून वर येण्याची वाढ होती. किमान दहा वर्षांची रेघ काढा.

दरडोई आकड्यातही फसायला होतं, आयर्लंड बघा. २०१५ मध्ये तिथला जीडीपी एका वर्षात २५ टक्क्यांहून जास्त वाढला असं दिसलं. लोकांचे पगार तेवढे वाढले नव्हते, मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली पेटंटं आणि मालमत्ता करासाठी तिथल्या खात्यात हलवली होती. शेवटी आयर्लंडच्या सांख्यिकी कार्यालयालाच स्वतःचं वेगळं माप काढावं लागलं ज्यातून हा फुगवटा काढून टाकलाय. लक्झेंबर्गलाही सांभाळून, तिथे काम करणारे कित्येक लोक रोज शेजारच्या देशातून येतात, उत्पन्न लक्झेंबर्गचं मोजलं जातं पण डोकी मोजताना ते नसतात.

४. पगाराची तुलना: खर्चाला एक दर, बचतीला दुसरा

हे नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच चुकीचा हिशोब धरून बसतात.

समजा पुण्यात हातात महिना ८०,००० येतात आणि जर्मनीत वर्षाला ५२,००० युरोची ऑफर आहे. युरो शंभर रुपये धरला तर ५२ लाख. घरात पेढे वाटले जातात. आता थांबा. एकट्या माणसाचा कर आणि विम्याचे हप्ते कापून जर्मनीत हातात साधारण ६२-६३ टक्के येतात, म्हणजे महिना २,७०० युरो धरा. दुसरं, पीपीपीने बघितलं तर एक युरो म्हणजे शंभर रुपये नाही, २८ च्या आसपास रुपये. वर्ल्ड बँकेच्या साइटवर दोन्ही देशांचा पीपीपी दर बघा आणि भारताच्या आकड्याला जर्मनीच्या आकड्याने भागा. खाजगी खर्चासाठी वेगळा पीपीपी दर दिलेला असतो, घरखर्चाच्या हिशोबाला तोच घ्या.

आता २,७०० पैकी १,९०० युरो भाडं, खाणं, प्रवास, फोन यात गेले असं धरू. १,९०० गुणिले २८ म्हणजे ५३,००० रुपयांच्या आसपास. पुण्यात महिना ५३,००० खर्च करून जसं राहता येतं साधारण तसं राहणं. उरले ८०० युरो. ते तुम्ही घरी पाठवणार असाल तर त्यांना मात्र बाजाराचा दर लागतो, ८०,००० रुपये. पुण्यात त्याच ८०,००० पगारातून ५३,००० खर्च केले तर उरतात २७,०००. म्हणजे राहणीमान जवळपास तेच आणि बचत तिप्पट. हे खरं उत्तर, ५२ लाख हे उत्तर नव्हतं.

आणि हे एकट्या माणसाचं झालं. बायको-मुलं सोबत गेली आणि कमावणारा एकच राहिला तर घर मोठं लागतं, ते ८०० युरो कुठल्या कुठे जातात. म्युनिकचं भाडं आणि लाइपझिगचं भाडं यात खूप फरक आहे, जसा बाणेर आणि तळेगावमध्ये असतो, तेव्हा शहर ठरल्याशिवाय खर्चाचा रकाना भरू नका. दुसरीकडे तिथली आरोग्यसेवा आणि सरकारी विद्यापीठातलं जवळपास फुकट शिक्षण हे पगाराच्या आकड्यात कुठे दिसत नाही, तेही शेजारी लिहा. कामाचे तासही लिहा: जर्मनीत एक कामगार वर्षाला सरासरी १,३४० तासांच्या आसपास काम करतो, त्यात अर्धवेळ काम करणारे पुष्कळ आहेत हे खरं, तरी आपल्याकडे आठवड्याला ४८ तास सहज होतात. तासाला किती मिळतात हे काढलं की चित्र परत बदलतं.

५. बेकारीचा आकडा

आयएलओची व्याख्या अशी की त्या आठवड्यात पैशासाठी एक तास जरी काम केलं तरी माणूस रोजगारात. बेकार कोण? ज्याला काम नाही, जो कामाला तयार आहे आणि जो काम शोधतोय. शोधणं सोडून दिलेला माणूस या आकड्यात येतच नाही, तो श्रमशक्तीच्या, म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे मिळून जे होतात त्यांच्या, बाहेर मोजला जातो.

आता आपला पीएलएफएस. २०२३-२४ चा बेकारीचा दर ३.२ टक्के, हा 'नेहमीची स्थिती' या पद्धतीने, म्हणजे मागच्या ३६५ दिवसांकडे बघून. त्याच वर्षी, त्याच पाहणीत 'चालू साप्ताहिक स्थिती' पद्धतीने ४.९ टक्के. दोन्ही बरोबर. बाहेरच्या देशांशी तुलना करताना सात दिवसांवाला घ्यायचा, कारण ते लोक आठवड्याचंच बघतात. टीव्हीवरच्या चर्चेत एक जण ३.२ घेऊन बसतो आणि दुसरा ४.९, आणि दोघं तासभर भांडतात.

जर्मनीतही तेच. २०२४ मध्ये आयएलओ पद्धतीने तिथली बेकारी साडेतीन टक्क्यांच्या आत, आणि तिथल्या रोजगार कचेरीच्या नोंदणीप्रमाणे ६ टक्के. कारण त्यांच्या कायद्यात आठवड्याला १५ तासांपेक्षा कमी काम करणारा माणूसही बेकार म्हणून नोंद करू शकतो. "जर्मनीत बेकारी ६ टक्के, भारतात ३.२" असं कोणी लिहिलं तर दोन्ही आकडे खरे आणि तुलना पूर्ण खोटी.

चीनचं उदाहरण तर व्याख्या मध्येच बदलल्याचं आहे. जून २०२३ मध्ये शहरातल्या १६ ते २४ वयाच्या तरुणांची बेकारी २१.३ टक्के आली, मग तो आकडा छापणंच बंद केलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी वगळून नव्या पद्धतीने परत सुरू केला, तो १४.९ निघाला. आलेखात ही दोन टोकं जोडून "बेकारी घटली" म्हणू नका, तिथे रेघ तोडा आणि खाली टीप लिहा.

तरुणांच्या आकड्यात वयोगट हमखास वेगळा असतो. आपण १५ ते २९ घेतो, २०२३-२४ मध्ये तो दर १०.२ टक्के होता, जग बहुतेक १५ ते २४ घेतं.

वयोगटाचं अजून एक. १५ वर्षांवरच्या लोकांपैकी किती टक्के कामाला आहेत? भारतात ५८.२ (२०२३-२४), जर्मनीत साठच्या आसपास. सारखंच की! पण जर्मनीत म्हातारी माणसं खूप आहेत आणि १५ च्या वरचे सगळे म्हटलं की त्यांचे ऐंशी वर्षांचे आजोबाही भागाकारात येतात. १५ ते ६४ घेतलं की जर्मनी ७७ टक्क्यांच्या आसपास जाते. आयएलओस्टॅटवर वयोगट निवडायचा पर्याय असतो, तो बघितल्याशिवाय आकडा उचलू नका.

आणि बेकारी कमी म्हणजे सगळं चांगलं असंही धरू नका. गरीब देशात बेकार बसणं परवडत नाही, माणूस मिळेल ते करतो, शेतावर राबतो, टपरीवर मदतीला उभा राहतो, आणि तो रोजगारात मोजला जातो.

६. म्हणून कामाचा प्रकार बघा

आपल्याकडे २०१७-१८ ते २०२३-२४ मध्ये बेकारी ६.१ वरून ३.२ वर आली. त्याच काळात स्वयंरोजगारातले लोक ५२ टक्क्यांवरून ५८ वर गेले, नियमित पगारवाले २२.८ वरून २१.७ वर आले. बायकांचा श्रमशक्तीतला सहभाग २३.३ वरून ४१.७ झाला, ही मोठी वाढ आहे, पण त्यात घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी मदत करणाऱ्या बायकांचा वाटा मोठा आहे. शेतीतल्या कामगारांचं प्रमाण कोविडमध्ये वाढलं आणि २०२३-२४ मध्येही ४६ टक्के होतं, तर देशाच्या उत्पादनात शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जवळपास निम्मी माणसं पाचव्या हिश्श्याहून कमी उत्पन्नात वाटेकरी. आपल्या देशाबद्दलचा एकच आकडा पाठ करायचा असेल तर माझ्या मते हा करावा.

आता व्हिएतनाम शेजारी ठेवा. २००० च्या सुमारास तिथे साठ टक्क्यांहून जास्त माणसं शेतीत होती, आता साधारण चौथा हिस्सा. ती माणसं गेली कुठे, तर बूट, कपडे, मोबाइलच्या कारखान्यांत, आणि त्यात बायका मोठ्या संख्येने, तिथे बायकांचा सहभाग ६८-६९ टक्क्यांच्या घरात आहे. दिशा कळते ती अशा तुलनेतून. जर्मनीत शेतीत एक-दीड टक्का आणि नव्वद टक्क्यांहून जास्त लोक पगारी नोकर, तिथून आपल्याला आज करण्यासारखं फार काही निघत नाही.

महाराष्ट्रापुरतं बघायचं असेल तर साधारण मार्चमध्ये अर्थसंकल्पाच्या आधी राज्याची आर्थिक पाहणी येते, मराठीतून येते, पीडीएफ फुकट मिळते. जुने आकडे, जुने अहवाल हवे असतील तर गोखले इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत चौकशी करा, पुण्यात राहून ती जागा माहीत नसणं हे नुकसान आहे.

७. कौशल्यं

कौशल्य मोजायला सोपा आकडा नाही. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेची पिसा परीक्षा १५ वर्षांच्या मुलांची असते, २०२२ च्या फेरीत सिंगापूर पहिलं होतं. भारतातून एकदाच तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले, निकाल अगदी तळाचा आला, त्यानंतर भारत नाही. मोठ्यांचं वाचन आणि आकडेमोड मोजणारी पियाक ही पाहणी आहे, त्यात जपान आणि फिनलंड वर असतात, आपण नाहीच. म्हणजे थेट तुलना होत नाही, आडून करावी लागते.

२०२३-२४ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत दिलंय की आपल्या तरुणांपैकी औपचारिक व्यवसाय प्रशिक्षण घेतलेले ४.४ टक्के, आणि अनौपचारिक मार्गाने शिकलेले आणखी १६.६ टक्के. या दुसऱ्या आकड्याकडे लोक बघत नाहीत. भोसरीच्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये मामाच्या हाताखाली लेथ शिकलेला मुलगा कामात कच्चा नसतो, त्याच्याकडे कागद नसतो. जर्मनीत सोळा-सतरा वर्षांचं पोर कंपनीशी करार करून आठवड्यातले काही दिवस कंपनीत आणि काही दिवस शाळेत शिकतं, तीन-साडेतीन वर्षांनी त्याला सगळ्या देशात चालणारं प्रमाणपत्र मिळतं, आणि असे मान्यताप्राप्त व्यवसाय तीनशेच्या वर आहेत. तिथे कारागिरांमधला 'माइस्टर' पात्रतेच्या तक्त्यात पदवीधराच्या बरोबरीने सहाव्या पातळीवर बसतो. कागदाला एवढं महत्त्व असणाऱ्या देशात तुमचा कागद काय म्हणतो हे आधी बघा.

तो कागद असा लागतो. २०२३ मध्ये बदललेल्या जर्मन कायद्याप्रमाणे स्वतःच्या देशात सरकारमान्य, किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण आणि मागच्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव असेल, आणि ठरलेल्या मर्यादेइतका पगार मिळत असेल, तर अनेक कामांना तिथली मान्यता आधी न घेता जाता येतं. आता आयटीआयमध्ये फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे ट्रेड आणि वेल्डर एक वर्षाचा. हे दहावीनंतर ट्रेड निवडतानाच माहीत असायला हवं, आणि पालकांना कोणी सांगत नाही. नर्सिंगला मात्र ही सवलत नाही, तिथे मान्यता आणि चांगली भाषा दोन्ही लागतात. जपानची २०१९ पासूनची विशिष्ट कौशल्य व्हिसाची योजना वेगळी, त्यात कामाची परीक्षा आणि साधारण एन४, म्हणजे खालून दुसऱ्या पातळीची जपानी लागते, वृद्धांची सेवा, बांधकाम, शेती, कारखाने अशी क्षेत्रं, कारण तिथे २९ टक्के लोक ६५ च्या वर आहेत.

८. शेवटी देश सोडा, व्यवसायावर या

जर्मनीची अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं आकसली. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये २०३० पर्यंत जर्मनीतल्या ३५,००० हून जास्त जागा कमी करण्याचा करार केला. त्याच काळात, ऑक्टोबर २०२४ मध्ये, जर्मनीने भारतीयांसाठी कुशल कामगार व्हिसांची संख्या वर्षाला २०,००० वरून ९०,००० वर नेण्याचं ठरवलं. गाड्यांच्या कारखान्यात माणूस नको झाला आणि रुग्णालयात, वायरिंगला, सोलर बसवायला मिळेना, दोन्ही एकाच देशात. चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यातल्या कामगाराने आणि नर्सने वेगळं उत्तर काढायला हवं ते यासाठी.

व्यवसायाचा कोड शोधा. आपल्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणाची २०१५ ची आवृत्ती आयएलओच्या कोडशी जुळवलेली आहे: इमारतीचा इलेक्ट्रिशियन ७४११, मशीन टूल चालवणारा ७२२३, नर्स २२२१, सॉफ्टवेअर डेव्हलपर २५१२. पदाची नावं प्रत्येक कंपनीत वेगळी, कोड घेतला की देशादेशांत तेच काम शोधता येतं. जर्मनीची रोजगार कचेरी दरवर्षी टंचाईच्या व्यवसायांची यादी काढते, आणि तिच्याच एन्टगेल्टअटलास या साइटवर व्यवसाय आणि राज्य निवडून मधला पगार बघता येतो. मधला म्हणजे सगळे पगार क्रमाने लावले की बरोबर मध्ये येणारा. सरासरी नको, मधलाच बघा, सरासरी वरच्या चार लोकांमुळे फुगते. अमेरिकेसाठी तिथल्या कामगार सांख्यिकी विभागाची व्यवसायांची पुस्तिका आहे, पुढच्या दहा वर्षांच्या अंदाजासकट.

भविष्याचे अंदाज मात्र वेगळ्या रकान्यात ठेवा. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमचा २०२५ चा अहवाल म्हणतो २०३० पर्यंत १७ कोटी नव्या जागा आणि ९.२ कोटी जागा जाणार, पण तो मुख्यतः हजारभर मोठ्या कंपन्यांना विचारून काढलेला अंदाज आहे. मोजलेला आकडा आणि विचारलेला आकडा एका आलेखात टाकू नका.

९. शीट भरली की

तुमच्या कामात तिकडे असलेला एक तरी माणूस गाठा, एजंट नको, आणि त्याला हे विचारा: पगाराच्या स्लिपवर हातात किती येतात, भाडं किती, करार कंपनीचा आहे की लेबर पुरवणाऱ्या एजन्सीचा, आणि पहिल्या वर्षी भाषेमुळे कुठलं काम मिळालं नाही. त्याची उत्तरं शीटमधल्या आकड्यांशेजारी लिहा. फरक मोठा निघाला तर आधी शहर आणि वर्ष तपासा, बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो. पीएलएफएसचं बुलेटिन आता दर महिन्याला येतं आणि जर्मनीच्या व्हिसाच्या पगार-मर्यादा दर जानेवारीत बदलतात, तेव्हा जर्मनच्या बी१ पातळीच्या बॅचची फी भरायच्या आदल्या आठवड्यात तेवढे दोन रकाने पुन्हा भरा.